झावळी कोण विणणार?

यंदा ईस्टरआधीचा चाळीस दिवसांचा उपवासकाळ निम्मा सरला तेव्हा वसईच्या पश्चिम पट्ट्यातल्या आमच्या गावात एक बैठक बसली. विषय एकच होता, ईस्टरला मुलांसाठी काय करायचं. प्रस्ताव अगदी साधा होता: प्लास्टिकची रंगीत अंडी आणायची, आत चॉकलेट ठेवायचं, चर्चच्या आवारात लपवायची आणि मुलांनी ती शोधायची. त्यावर अडीच तास वाद झाला. एक ज्येष्ठ म्हणाले, हे अमेरिकेतलं खूळ, आपल्या वसईत याचं काय काम? एका ताईंनी मोबाइलवर आलेला मजकूर वाचून दाखवला. ईस्टर हा शब्दच म्हणे इश्तार नावाच्या बाबिलोनी देवीवरून आला, अंडी आणि ससे तिचेच, तेव्हा ख्रिस्ती माणसाने त्यांना शिवूही नये. कोणी जुन्या काळची हळहळ मांडली. तरुण मंडळी म्हणाली, एवढं काय त्यात, पोरांना मजा येते ना? आणि ज्यांच्यासाठी हे चाललं होतं ती सात-आठ पोरं दाराबाहेर पायरीवर बसून वाट पाहत होती. त्यांना कोणी काही विचारलं नाही.

हा वाद गेली काही वर्षं घरोघर चाललेला आहे आणि माझ्या मते तो चुकीच्या जागी घातला जातोय. अंडं परकं की आपलं, ससा पवित्र की अपवित्र, जुना ईस्टर खरा की नवा, या सगळ्याच्या तळाशी एकच समजूत आहे: प्रथेचं मूळ सापडलं की तिची किंमत कळते. माझा विरोध या समजुतीलाच आहे. प्रथा कुठे जन्मली यावरून ती आपली ठरत नाही. सणाच्या दिवशी घरातल्या लहान मुलाच्या हाती ती काय काम देते, यावरून ठरते. ज्या सणात मुलाला काही करावं लागतं तो त्याच्या अंगात मुरतो. ज्यात नुसतं मिळतं तो पुढच्या सणापर्यंत पुसला जातो.

माझ्या लहानपणीच्या ईस्टरमधलं मला काय आठवतं? नवे कपडे असायचे, त्यांचा रंगही आता आठवत नाही. आठवते ती झावळी. झावळ्यांच्या रविवारच्या, म्हणजे ईस्टरआधीच्या रविवारच्या, आदल्या संध्याकाळी वडील वाडीतल्या बुटक्या माडाची कोवळी, अजून पिवळसर असलेली झावळी उतरवायचे. ओट्यावर आजी पाय पसरून बसायची आणि आम्ही भावंडं तिच्याभोवती. पातीचा हीर नखाने उचलायचा आणि एका दमात ओढून काढायचा. मध्येच तुटला तर पात फाटते. मग लांब पट्टी दुमडायची, दुसरी तिच्यातून ओवायची, घडीवर घडी घालत मधला चौकोन घट्ट बसवायचा आणि उरलेलं टोक आत खुपसायचं. शेवटी आजी तो क्रूस हातात धरून जोरात झटकायची. राहिला तर झाला, सुटला तर पुन्हा विणायचा. माझा पहिला क्रूस न सुटता राहिला तेव्हा मी दुसरीत होतो, आणि त्या रात्री मी तो उशाशी घेऊन झोपलो होतो.

मिस्सेत, म्हणजे चर्चमधल्या उपासनेत, आशीर्वाद मिळालेली ती झावळी घरी येऊन येशूच्या तसबिरीमागे खोचली जायची आणि वर्षभर तिथेच वाळायची. पुढच्या वर्षी, उपवासकाळ ज्या दिवशी सुरू होतो त्या राखेच्या बुधवारच्या आधी आम्हा मुलांचं दुसरं काम निघायचं. टोपली घेऊन आळीभर फिरायचं, घरोघरच्या वाळक्या झावळ्या मागून घ्यायच्या आणि चर्चमध्ये नेऊन द्यायच्या. त्या जाळून होणारी राख बुधवारी कपाळावर लागायची. माणूस मातीचा आहे आणि मातीलाच मिळणार आहे, असं म्हणत फादर अंगठा टेकवायचे तेव्हा मला ठाऊक असायचं, की या राखेत माझा मागच्या वर्षीचा क्रूस आहे. मरण आणि पुनरुत्थान यांवर धर्मशिक्षणाच्या वर्गात वर्षानुवर्षं जे ऐकलं, त्यातलं फार थोडं टिकलं. ही राख मात्र टिकली.

अंडीही होती, बरं का. वांद्र्याच्या मावशीने दिलेला पत्र्याचा साचा घरात होता, दोन अर्ध्या अंड्यांचा. काजूची पूड, साखर, अंड्यातलं पांढरं आणि दोन थेंब गुलाबपाणी, एवढ्याचं मार्झिपॅन. गोळा कडा सोडेपर्यंत आई मंद आचेवर घोटत राहायची. साच्याला तूप लावणं, दोन अर्धुकं जुळवणं आणि त्यांचा सांधा बोटाने लिंपणं ही कामं आमची. ईस्टरच्या सकाळी ती अंडी शेजारच्या हिंदू घरांत पोचवायची, तेही आम्हीच. ताटली रिकामी परत यायची नाही, हे वेगळं सांगायला नको.

‘आमच्या वेळी असं नव्हतं’ म्हणणाऱ्यांचा मुद्दा मी आधी घेतो, कारण मनाने मी त्यांच्याच जवळचा आहे. त्यांची हळहळ खोटी नाही. वाड्या गेल्या, तिथे इमारती आल्या. माडावर चढणारा माणूस मिळेनासा झाला. फादर फ्रान्सिस दिब्रिटो हरित वसईसाठी झगडले तेव्हा अनेकांना तो निव्वळ झाडापाण्याचा प्रश्न वाटला होता. पण वाडी जाते तेव्हा तिच्याबरोबर झावळीही जाते आणि झावळी विणणारी संध्याकाळही जाते. हे सगळं मला मान्य आहे. तरीही आपल्या आठवणीला आपण जो प्राचीनतेचा मान देतो, तो तिला पेलत नाही.

ईस्टरच्या आदल्या रात्रीचा जागर घ्या. अंधारात बुडालेलं चर्च, बाहेर पेटवलेली आग, तिच्यावर उजळणारी पास्काची मोठी मेणबत्ती आणि मग माणसागणिक पुढे सरकत जाणारी ज्योत. यापेक्षा जुनं, यापेक्षा ‘पूर्वापार’ काय असेल? पण आजी मला एकदा सहज बोलून गेली, की तिच्या लहानपणी हे सगळं शनिवारी सकाळी व्हायचं, चक्क उन्हात. मला खरं वाटेना. पुढे वाचलं तेव्हा कळलं, आजीचं बरोबर होतं. मुळात रात्रीचा असलेला तो विधी मागे मागे सरकत कित्येक शतकांपूर्वीच शनिवारच्या सकाळी येऊन बसला होता. ‘हीच ती रात्र’ असं सांगणारं गीत लख्ख उजेडात गायलं जायचं आणि उपवासकाळ शनिवारी दुपारी बाराला संपायचा. पोप बारावे पायस यांनी १९५१ मध्ये तो प्रयोग म्हणून पुन्हा रात्री नेला आणि १९५६ पासून तसा नियमच झाला. म्हणजे जी रात्र मी जन्मभर पूर्वापार म्हणून उराशी धरली, ती निदान आमच्या गावापुरती माझ्या आईहूनही धाकटी निघाली.

भाषेचंही तेच. मराठी मिस्सा आणि मराठी गायनं यांशिवाय आज वसईतला पवित्र आठवडा डोळ्यांपुढे येत नाही. ती आली कॅथलिक चर्चच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर, म्हणजे १९६०च्या दशकात. तोवर आजीने आयुष्याची तीस-पस्तीस वर्षं लॅटिनच ऐकलं होतं. तिच्या दृष्टीने परंपरा कोणती, लॅटिन की मराठी? मी तिला विचारलं होतं. म्हणाली, “लॅटिन गोड होतं रे. पण मराठीत पहिल्यांदा सगळं कळलं तेव्हा रडू आलं.” त्या काळी कोणी लॅटिन हेच आमचं खरं म्हणून अडून बसलं असतं, तर आजच्या हळहळणाऱ्यांच्या आठवणीत गाणीच उरली नसती.

आता सण परका असल्याचा आक्षेप. यातला सर्वांत जड मुद्दा टाळून चालणार नाही. वसई पोर्तुगीजांकडे १५३४ मध्ये गेली, आणि आमच्या पट्ट्यात ख्रिस्ती धर्म बहुतांशी त्या सत्तेच्या सोबतीने पसरला. त्यात सक्ती होती, देवळं पाडली गेली, पुढे धर्मन्यायालय, म्हणजे इन्क्विझिशनही आलं. हे नाकारणारा ख्रिस्ती माणूस स्वतःच्या इतिहासाशी प्रामाणिक नाही, असं मी मानतो. पण यापुढचा प्रश्न विचारायला हवा. चिमाजी अप्पांनी १७३९ मध्ये वसई जिंकली, पोर्तुगीज सत्ता गेली. मग ही माणसं कुणाच्या धाकाने पुढची पावणेतीनशे वर्षं झावळ्या विणत राहिली? ज्या फादर स्टीफन्सनी ओवीछंदात ख्रिस्तपुराण रचलं आणि १६१६ मध्ये ते छापून काढलं, त्यांनी मराठीची थोरवी गायली ती कुणाच्या सक्तीने? सत्तेच्या हाताने आलेली गोष्ट सत्ता गेल्यावरही राहते, ती लोकांनी आपल्या हाताने धरून ठेवली म्हणून.

वसईच्या विजयानंतर तिथल्या चर्चच्या घंटा मराठ्यांनी उतरवून नेल्या. त्यांतली एक नाशिकला नारोशंकराच्या देवळावर आहे. पोर्तुगीजांच्या चर्चसाठी घडवलेली ती घंटा शंकराच्या देवळाशी इतकी एकजीव झाली आहे, की नाशिककर तिला परकी म्हणतील असं मला वाटत नाही. आणि वसईकर ख्रिस्ती म्हणून मी तिच्यासमोर उभा राहिलो तेव्हा मलाही काही हिरावल्यासारखं वाटलं नाही. अडीचशेहून अधिक वर्षं ती तिथल्या गावाची आहे. एकादशीची साबुदाण्याची खिचडी घ्या. साबुदाणा ज्या कंदापासून होतो तो, बटाटा, शेंगदाणा आणि मिरची, हे चारही मूळचे अमेरिका खंडातले. आषाढीच्या ताटाला त्यामुळे काही उणेपण येतं का? येत नाही आणि येऊही नये. कारण ती खिचडी कित्येक पिढ्यांच्या आयांनी पहाटे उठून केली आहे. मग हाच न्याय माझ्या आईच्या मार्झिपॅनला का नाही? काजूही तिथूनच, ब्राझीलमधून, पोर्तुगीजांच्या गलबतांतून आला.

इश्तारची गोष्ट थोडक्यात उरकतो, कारण तिच्यात दम नाही. जगातल्या बऱ्याच भाषांत या सणाचं नाव पास्का किंवा त्याचंच रूप आहे. ते यहुद्यांच्या वल्हांडण या सणाच्या हिब्रू नावावरून, पेसाखवरून आलं. कोकणीत पास्क म्हणतात, पोर्तुगीजांत पास्कोआ. ईस्टरसारखी नावं इंग्रजी आणि जर्मन या भाषांत आहेत. त्या नावामागे एओस्त्रे नावाची देवी असल्याचं इंग्लंडमधल्या बीड नावाच्या मठवासीयाने ७२५ मध्ये लिहिलं, आणि त्याच्या त्या नोंदीत अंड्याचा किंवा सशाचा शब्दही नाही. अंडी आली ती उपवासातून. पूर्वी चाळीस दिवस अंडी वर्ज्य असायची, कोंबड्यांना ते ठाऊक नसायचं, घरात साठलेली अंडी सणाला उकडून, रंगवून वाटली जायची. पण समजा, ती खरोखरच कुठल्या देवीची असती तरी काय? मूळ खणून प्रथा कापून काढायची ही रीत कोणाची होती, हे इश्तारचा मजकूर पुढे धाडणाऱ्यांनी एकदा पाहावं. गोव्याच्या धर्मन्यायालयाने १७३६ मध्ये एक लांबलचक जाहीरनामा काढला. लग्नात हळद लावायची नाही, पानविडा आणि फुलं वाटायची नाहीत, वोव्या, म्हणजे लग्नातल्या ओव्या, गायच्या नाहीत, दारी तुळस ठेवायची नाही. कारण एकच: हे मूळचं हिंदूंचं. इंग्लंडच्या संसदेने १६४७ मध्ये ईस्टर आणि नाताळ हे दोन्ही सण रद्द केले होते, कारण ते बायबलात सांगितलेले नाहीत. काय झालं पुढे? १६६० मध्ये इंग्लंडात राजा परतला तसे सणही परतले. आणि गोव्यातल्या ख्रिस्ती घरांत आजही लग्नाआधी नवरा-नवरीला नारळाच्या दुधाचा रोस लागतो आणि बायका वोव्या म्हणतात. जाहीरनामा आता अभ्यासकांच्या टेबलावर आहे, वोवी मांडवात आहे.

मग सगळंच चालेल का? इथे तरुणांशी माझं जमत नाही. ‘सगळं बदलतंच, तेव्हा प्लास्टिकचं अंडंही चालेल’ हे मला पटत नाही. मूळ पाहू नका म्हटलं, याचा अर्थ काहीच पाहू नका असा होत नाही. त्यांचं एक म्हणणं मात्र मी मनापासून मान्य करतो. सण मुलांना आवडला पाहिजे. माझ्या पिढीतल्या कित्येकांनी पवित्र आठवडा म्हणजे गुडघे दुखेपर्यंत क्रुसाची वाट, आणि हसलं तर धपाटा, एवढाच पाहिला. ती मुलं मोठी झाल्यावर चर्चपासून दूर गेली, यात नवल नाही. बाजारालाही मी सरसकट शिव्या घालत नाही. चॉकलेटचं पोकळ अंडं इंग्लंडमध्ये ब्रिस्टलच्या फ्राय कंपनीने १८७३ मध्ये काढलं आणि दीडशे वर्षांत ते जगभर गेलं, कारण ते खरंच गोड आहे. आक्षेप गोडीला नाही. त्या अंड्यात मुलाला करण्यासारखं काय उरलं आहे, हा प्रश्न आहे. कोणी तरी विकत आणलं, कोणी तरी लपवलं, मुलाने उचललं. दहा मिनिटांत खेळ संपतो. नंतर मुलं एकमेकांची मोजतात, ज्याला कमी मिळाली तो रडतो, आणि आयाबाया समजूत घालत बसतात. हे मी पाहिलं आहे.

हा फरक ख्रिस्ती घरापुरता नाही. दिवाळीतला मातीचा किल्ला आठवा. तो कधी सुरू झाला, कोणी सुरू केला, कोणत्या ग्रंथात सांगितला आहे, हे महाराष्ट्रात कोणी विचारतं का? तरीही पन्नाशीच्या माणसाला दिवाळी म्हटली की फटाक्यांच्या आधी तो किल्ला आठवतो: विटांवर टाकलेलं पोतं, त्यावर लिंपलेला चिखल, उगवायला घातलेली मोहरी, बुरुजावर बसवलेले शिवाजी महाराज. आता तयार किल्लेही मिळतात. ते दिसायला आमच्या किल्ल्यांपेक्षा कितीतरी रेखीव असतात. पण तयार किल्ल्याची आठवण चाळीस वर्षांनी कोणी सांगेल? चिखल नखांत गेला होता, म्हणून तर तो किल्ला मनात राहिला.

आणि ज्या सणातून ईस्टर जन्मला त्या वल्हांडणाकडे पाहिलं तर ही गोष्ट हजारो वर्षांपूर्वी कोणाला तरी नेमकी कळली होती असं दिसतं. त्या रात्रीच्या जेवणात घरातल्या सर्वांत लहान मुलाने प्रश्न विचारायचे असतात. आजची रात्र इतर रात्रींहून वेगळी का? मुलाने विचारायचं आणि मग मोठ्यांनी गोष्ट सांगायची. म्हणजे मिसरमधून सुटकेची एवढी मोठी कथा, आणि तिची किल्ली ठेवली ती घरातल्या धाकट्याच्या हाती. आपल्या कोकणातल्या बेने इस्राएली, म्हणजे मराठी यहुदी, घरांनी हाच विधी मराठीत आणला. पुण्यात १८७४ मध्ये छापलेल्या त्यांच्या वल्हांडणाच्या पोथीत हिब्रूसोबत मराठी आहे आणि तिच्यातल्या चित्रांत बेखमीर भाकरी करणाऱ्या बायका साड्या नेसलेल्या आहेत. भाषा बदलली, नेसणं बदललं, देश बदलला. मुलाचं काम बदललं नाही. केरळातल्या सीरियन ख्रिस्ती घरांत पवित्र गुरुवारी रात्री बेखमीर अप्पम करतात आणि झावळ्यांच्या रविवारच्या झावळीचा छोटा क्रूस त्यावर ठेवतात. तो क्रूसही कोणी तरी करावाच लागतो.

या सगळ्याला माझ्या वहिनीने जे उत्तर दिलं ते मला आजवरचं सर्वांत कठीण वाटलं. ती म्हणाली, “भाऊजी, तुमच्या आठवणींचं ओझं आमच्या कमरेवर येतं.” मी गप्प झालो, कारण ते खरं आहे. माझा क्रूस विणून झाला की मी मोकळा व्हायचो, माझ्या बहिणीचं काम तिथून सुरू व्हायचं. आजी माहेरची साष्टीच्या गावठाणातली, त्यामुळे आमच्याकडे ईस्टरच्या न्याहारीला फुगे लागायचे. शनिवारी संध्याकाळी मैदा, अंडी, नारळाचं दूध आणि ताडी घालून पीठ फुगायला ठेवायचं. पहाटे ते मुठीत घेऊन अंगठा आणि तर्जनीच्या फटीतून एकेक गोळा पिळून कढईत सोडायचा. तेलात तो टम्म फुगून आपसूक उलटतो, मला ते पाहायला फार आवडायचं. पाहायला! कढईपाशी उभं राहायचं काम माझ्यावर कधी आलंच नाही. पीठ उतू जाईल म्हणून आजी शनिवारच्या जागरातून किती वर्षं अर्ध्यावर उठून आली असेल? मी तिला कधी विचारलं नाही. ज्या मेणबत्तीचं मी एवढं कौतुक करतो, तिच्या मूळ लॅटिन गीतात मधमाश्यांच्या श्रमाचाही आवर्जून उल्लेख आहे. माश्यांना जागा आहे आणि आमच्या घरातल्या बायकांना आठवणीतसुद्धा नीट जागा नाही, हे मला आता सलतं.

पण वहिनीच्या म्हणण्यावरून काम टाकून द्यावं आणि तयार वस्तू आणाव्यात, असं ठरत नाही. काम वाटून घ्यावं, असं ठरतं. परंपरेत बाईचं काम बाईचं आणि पुरुषाचं पुरुषाचं असंच चालत आलंय, असं सांगणाऱ्यांना मी पवित्र गुरुवारच्या पाय धुण्याची आठवण देईन. येशूने शिष्यांचे पाय धुतले म्हणून फादर बारा जणांचे पाय धुतात. नियमाप्रमाणे ते बारा पुरुषच असायचे. पोप फ्रान्सिस यांनी २०१६ च्या जानेवारीत तो नियम बदलला, बायांना आणि मुलींना त्यात जागा दिली. आकाश कोसळलं नाही. वेदीपाशी जे होऊ शकतं ते चुलीपाशी का होऊ नये? गेली तीन वर्षं फुग्यांचं पीठ मी आणि माझा मुलगा मळतो. पहिल्या वर्षी ते फुगलं नाही. दुसऱ्या वर्षी वहिनी खुर्ची टाकून बसली आणि मुलाला तिने हाताची मूठ कशी धरायची ते दाखवलं, पण स्वतः पिठाला हात लावला नाही. त्या शनिवारी ती शेवटच्या आल्लेलुयापर्यंत चर्चमध्ये होती.

जे म्हणतात की अंडी, झावळ्या, फुगे या वरवरच्या गोष्टी, पुनरुत्थानाचा अर्थ महत्त्वाचा, त्यांना मी नम्रपणे शुभवर्तमान पुन्हा वाचायला सांगेन. तो अर्थ पहिल्यांदा कळला कोणाला? शब्बाथ, म्हणजे यहुद्यांचा विश्रांतीचा दिवस, संपताच सुगंधी द्रव्यं विकत घेऊन पहाटे कबरीकडे निघालेल्या बायांना. मृत देहाला द्रव्यं लावायची, हे हाताचं काम करायला त्या चालल्या होत्या, आणि वाटेत त्यांना एकच काळजी होती, की दारावरची धोंड आपल्यासाठी कोण लोटील? योहानाच्या शुभवर्तमानाच्या शेवटच्या अध्यायात उठलेला ख्रिस्त तळ्याकाठी निखारे पेटवून त्यावर मासळी ठेवतो, भाकर ठेवतो आणि रात्रभर जाळी टाकून दमलेल्यांना म्हणतो, या, न्याहारी करा. आमच्या किनाऱ्यावरच्या कोळी घरांना हा प्रसंग समजावून सांगावा लागत नाही. अर्थ आणि हाताचं काम शुभवर्तमानातच वेगळं केलेलं नाही. आपण कोण ते वेगळं करणारे?

वाडीच उरली नाही, परदेशी गेलेल्यांनी काय करायचं, हा शेवटचा आक्षेप रास्त आहे. माझा चुलतभाऊ कुवेतला असतो. तिथे सुट्टी शुक्रवार-शनिवारची, ईस्टरचा रविवार म्हणजे कामाचा दिवस. सकाळी कामावर जायचं आणि संध्याकाळी मिस्सेला पोचायचं. माड नाही, ओटा नाही, आजी नाही. त्याने मुलींना इमारतीबाहेरच्या खजुरीची पात आणून दिली. ती माडाच्या पातीपेक्षा ताठ आणि बोचरी, दुमडताना बोटं कापतात. मुलींनी पाती रात्रभर पाण्यात भिजवून ठेवायची युक्ती काढली. त्यांचं विणणं आमच्यापेक्षा वेगळं झालं, मधला चौकोन बसलाच नाही, त्यांनी तिथे गाठ मारली. त्या दोन मुलींनी मुंबईला आल्यावर मला ती गाठ शिकवली. आता सांगा, ही परंपरा वसईची की कुवेतची? येशू यरुशलेमेत शिरला तेव्हा लोकांच्या हातात खजुरीच्याच झावळ्या होत्या, हे योहानात लिहिलेलं आहे. माड तर आपण आपल्या सोयीने धरला.

आमच्या बैठकीचा निर्णय शेवटी अर्धामुर्धाच झाला. चॉकलेट राहिलं, प्लास्टिकची अंडी गेली. उकडलेली अंडी मुलांनी शनिवारी स्वतः रंगवायची आणि लहान भावंडांसाठी स्वतः लपवायची असं ठरलं. झावळ्यांचं काम मी मागून घेतलं. माडावर चढायला शेजारच्या पाड्यावरून एक जण आला, त्याला आमच्या वाडीत उरलेल्या चार माडांपैकी एकावर चढवलं. संध्याकाळी ओट्यावर चौदा मुलं होती, त्यांत दोन इमारतीतली हिंदू मुलंही, मित्रांबरोबर आलेली. हीर तुटत होते, पाती फाटत होत्या, कोणाचं कोणाकडे लक्ष नव्हतं. सहा वर्षांच्या एका मुलीने तिचा क्रूस माझ्याकडे आणून दिला. मी तो हातात धरून झटकला. सुटला. ती काही बोलली नाही, माझ्या हातातून दोन्ही पट्ट्या घेतल्या आणि परत जाऊन आपल्या जागी बसली.